क्रॅशलूपबॅकऑफ: वरून स्क्रिप्ट लावावी की मुळातच कारण सांगायला लावावे?

कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइलींसह बांधलेली अ‍ॅप्लिकेशन, अनेक यंत्रांवर चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या क्लस्टरवर (त्या यंत्रांच्या समूहावर) ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ दिसले की एवढेच कळते, की कंटेनर पुन्हा पुन्हा बंद पडतो आहे आणि तो परत सुरू करण्याआधीचा थांबा 10 सेकंदांपासून वाढत 5 मिनिटांपर्यंत जाणार आहे. तो का बंद पडतो, याचा त्या शब्दात पत्ताच नसतो. यावरचे दोन उपाय मी वापरले आहेत. एक म्हणजे क्यूबसीटीएल या कुबरनेटिसच्या कमांडच्या उत्तरावर आपली स्क्रिप्ट बसवून ते सोप्या मराठीत दाखवणे, आणि दुसरा म्हणजे बंद पडणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनकडूनच कारण वदवून घेणे.

स्क्रिप्ट एका दुपारात तयार होते आणि त्यासाठी कोणत्याही टीमची मनधरणी करावी लागत नाही. एक्झिट कोड (प्रक्रिया संपताना मिळणारा आकडा) 137 म्हणजे 128 अधिक सिग्नल क्रमांक 9, अर्थात प्रक्रिया सक्तीने मारली गेली आणि बहुधा मेमरीची मर्यादा ओलांडली होती, हे रात्रपाळीतल्या नव्या सहकाऱ्याला आयते समजते.

माझे मत बदलले ते एका अपग्रेडनंतर. पॉड (कंटेनर ज्यात चालतात तो घटक) कोणत्या नोडवर, म्हणजे यंत्रावर, चालवायचा हे शेड्युलर ठरवतो; योग्य नोड मिळाला नाही तर पॉड ‘पेंडिंग’ राहतो. टेंट, म्हणजे नको असलेल्या पॉडना दूर ठेवणारी नोडवरची खूण, आड आली तर जुन्या आवृत्तीत शेड्युलर ‘नोडला टेंट आहे आणि पॉडने तो टॉलरेट केला नाही’ अशा अर्थाचे लांबलचक इंग्रजी वाक्य देत असे. नव्या आवृत्तीत त्याचे ‘अनटॉलरेटेड टेंट’ झाले. माझी स्क्रिप्ट जुनेच वाक्य शोधत राहिली आणि पडद्यावर ‘कारण अज्ञात’ उमटले. शेड्युलरने कारण अगदी स्पष्ट दिले होते, परंतु ती मूळ ओळ स्क्रिप्टनेच झाकून टाकली होती, आणि सहकारी पहाटेपर्यंत मेमरी तपासत बसला. संदिग्ध संदेशापेक्षा चुकीचे भाषांतर अधिक वेळ खाते, असा माझा तरी अनुभव आहे.

दुसऱ्या उपायात कंटेनर आपले अखेरचे कारण टर्मिनेशन लॉगच्या फाइलीत लिहितो. मर्यादा 4096 बाइटची असली तरी एका नेमक्या वाक्याला ती भरपूर होते. अ‍ॅप्लिकेशन काहीच लिहीत नसेल, तर टर्मिनेशन मेसेज पॉलिसी ‘फॉलबॅक टू लॉग्ज ऑन एरर’ ठेवावी, म्हणजे चुकीने बंद पडल्यावर लॉगचा शेवट, 2048 बाइट किंवा 80 ओळी यांपैकी जे कमी असेल ते, आपोआप उचलला जातो. मग क्यूबसीटीएलच्या ‘डिस्क्राइब’ने दिलेल्या माहितीत ‘लास्ट स्टेट’खालीच ‘डेटाबेसने जोडणी नाकारली’ असे वाचायला मिळते. इव्हेंट, म्हणजे क्लस्टरमधल्या घडामोडींच्या नोंदी, मूळ सेटिंगमध्ये तासाभराने पुसले जातात. हा संदेश मात्र पॉडच्या स्थितीत असल्यामुळे सकाळीही हाती लागू शकतो.

अर्थात, पेंडिंग पॉडमध्ये कंटेनर सुरूच झालेला नसल्याने हा उपाय तेथे निरुपयोगी आहे, आणि प्रत्येक टीमच्या मॅनिफेस्टमध्ये (पॉडची सेटिंग लिहिलेल्या फाइलीत) ती पॉलिसीची ओळ घालून घेण्यास आम्हाला बरेच आठवडे लागले. एवढा वेळ हाताशी नसेल, तर स्क्रिप्ट लिहिण्यातही काही गैर नाही. फक्त तिने संदेशाच्या वाक्यावर न विसंबता ‘रीझन’ हे फील्ड वाचावे आणि मूळ ओळ जशीच्या तशी खाली दाखवावी. माझी स्क्रिप्ट आता पेंडिंग पॉडपुरतीच उरली आहे.