रंगाच्या शेवटच्या हाताखाली काय दडवले गेले: अनगोळमधील एका घराचा अनुभव

मागच्या वर्षी मे महिन्यात बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या घराला बाहेरून रंग देण्याचे काम एका कंत्राटदाराने मालासह सुमारे 70 हजार रुपयांत घेतले, आणि आषाढातली पहिली मोठी झड लागताच पश्चिमेच्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटू लागला. काम निकृष्ट झाले एवढीच तक्रार असती तर मी हे लिहिले नसते. लेखी ठरलेल्या कामांपैकी जवळपास निम्मी त्याने केलीच नव्हती, आणि न केलेले दिसू नये अशा रीतीने उरलेली उरकली होती. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत दर उन्हाळ्यात अनेक घरांना परांच्या लागतात. त्या घरांतल्या लोकांनी हा प्रकार आधी समजून घ्यावा, अशी माझी कळकळ आहे.

बेळगाव सुमारे 2,500 फूट उंचीवर, घाटमाथ्याच्या जवळ आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा झोडतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती आठवडेच्या आठवडे वाळत नाहीत. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर पाऊस कितीतरी अधिक. अशा भिंतीवर शेवाळ आणि काळी बुरशी धरते, भेगांतून पाणी गिलाव्यात उतरते आणि ते बाहेर पडताना रंगाला आतून ढकलते. म्हणून इकडे बाहेरच्या रंगाचे आयुष्य रंगाच्या आधी होणाऱ्या कामांवर ठरते: भिंत खरवडून धुणे, बुरशी मारणे, पुरती वाळू देणे, भेगा कापून भरणे आणि प्रायमर, म्हणजे रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्याच्या आधी द्यायचा थर. घरमालकाच्या डोळ्यांना शेवटी दिसते ती फक्त छटा, आणि फसवणुकीला सगळी जागा मिळते ती याच अदृश्य कामांत.

आमच्या कागदावर ही सर्व कामे लिहिलेली होती. पहिल्या दिवशी पाण्याचा जोरदार मारा करणारे यंत्र आणून रस्त्याकडची दर्शनी भिंत व्यवस्थित धुतली गेली. मागच्या दोन भिंतींची पाळी आली तेव्हा कंत्राटदार म्हणाला, “बाई, वळीव सुरू झालाय, आता धुतलं तर भिंत वाळायची नाही, आणि ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. आपण घासून घेऊ.” या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. ओल्या भिंतीवर रंग देऊ नये हे खरेच आहे, आणि अर्धे सत्य असे पुढे केले की प्रश्न विचारणाऱ्यालाच संकोच वाटतो. मात्र भिंत वाळण्यासाठी थांबणे हे त्याचे काम होते. बुरशी नुसती घासून जात नाही. ब्लीचिंगच्या पाण्यासारखे बुरशीनाशक लावून, ते काही वेळ मुरू देऊन, मग स्वच्छ धुवावे लागते. ती जिवंत राहिली की नव्या रंगाखालून पुन्हा वर येते, आणि आमच्याकडे श्रावण लागण्याआधीच सज्जाखालचे काळे डाग जसेच्या तसे उमटले.

यापुढचे कळले ते पोपडे हातात घेतल्यावर. बेळगावच्याच शहापूर भागातल्या एका जुन्या, जाणत्या रंगाऱ्यांना मी भिंत दाखवली. त्यांनी निघालेल्या पापुद्र्याची आतली बाजू ओल्या बोटाने चोळली, तर बोट पांढरे झाले आणि तो थर चिकट होऊन विरघळू लागला. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर वाळल्यावर पाण्याने असा कधीच निघत नाही. प्रायमरचा हात म्हणून आम्हाला जे दाखवले होते तो पातळ चुना होता, आणि खड्डे भरायला घरातल्या भिंतींसाठी असलेली ॲक्रिलिक पुट्टी वापरली होती. ही पुट्टी पाणी लागले की मऊ पडते. बाहेर लावायचीच असेल तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लागते. परसातल्या अडगळीत त्या पुट्टीचे रिकामे डबे सापडले, त्यांवर फक्त आतील वापरासाठी असे छापलेले होते. खालून पाहणाऱ्याला चुना आणि प्रायमर दोन्ही सारखेच पांढरे दिसतात, आणि परांचीवर चढून कोणी पाहणार नाही याची त्याला खात्री होती.

रंगाचे गणितही तसेच निघाले. आमच्या बाहेरच्या भिंती सुमारे 2,400 चौरस फूट भरतात. खरखरीत गिलाव्यावर चांगल्या एक्स्टेरियर इमल्शनचे (बाहेरच्या भिंतींसाठीच्या, पाण्यात मिसळायच्या रंगाचे) दोन हात द्यायचे तर लिटरमागे साधारण 40 ते 50 चौरस फूट होतात, म्हणजे 48 ते 60 लिटर रंग लागतो. त्याने 20 लिटरच्या तीन डब्यांचे पैसे घेतले. पहिला डबा सीलबंद होता आणि आमच्यासमोर उघडला. त्यावर दुकानातल्या यंत्रावर छटा मिसळल्याची चिठ्ठीही होती. उरलेले दोन मात्र “दुसऱ्या साइटवर छटा जुळवून” उघडेच आले. त्यांवर चिठ्ठी नव्हती, बॅच क्रमांक वेगवेगळे होते, आणि झाकणाच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी फार पूर्वी तुटून मळलेली होती. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत हलका रंग भरून आणला होता, हे रंगाऱ्यांनी डब्याच्या तळाला वाळलेला थर पाहूनच सांगितले. तो नखाने खडूसारखा उतरत होता. पावतीही कच्ची होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

कंत्राटदाराने पाच वर्षांची हमी तोंडी दिली होती आणि ती कंपनीची असल्याचे भासवले होते. कंपन्या बाहेरच्या रंगावर हमी देतात हे खरे, पण ती ठरलेला प्रायमर, ठरलेले हात आणि पक्के बिल या अटींवर असते, आणि अनेकदा ती फक्त मालापुरती असते. पोपडे दाखवल्यावर तो म्हणाला की पॅरापेटमधून, म्हणजे गच्चीच्या कठड्यातून, ओल येते, रंगाचा दोष नाही. पॅरापेटच्या माथ्यावर भेग होती हे खरे, पण ती कापून भरण्याचे पैसे त्याने घेतले होते, आणि तिच्यावरून फक्त रंगाचा कुंचला फिरवला होता. यापुढे त्याने फोन घेणे बंद केले.

दिवाळीनंतर, भिंती उन्हात पुरत्या वाळल्यावर, आम्ही त्याच शहापूरच्या रंगाऱ्यांकडून काम नव्याने करून घेतले. त्यांनी स्वतःच सुचवले की प्रत्येक थर झाल्यावर तो पाहावा आणि मगच त्या थराचे पैसे द्यावेत. धुतल्यावर आणि वाळल्यावर भिंतीवरून तळवा फिरवला तर हाताला भुकटी लागू नये. प्लॅस्टिकच्या कागदाचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून रात्रभर ठेवला आणि सकाळी आत दव दिसले, तर अजून थांबावे. वाळलेला प्रायमर ओल्या फडक्याने घासून पाहावा. डबे आपल्या दारात, आपल्यासमोर उघडावेत, पाणी डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळावे, आणि बॅच क्रमांकाचे फोटो काढून ठेवावेत. नवा गिलावा असेल तर पाणी मारून झाल्यावर किमान 28 दिवस रंगाचे नावही काढू नये, कारण सिमेंटमधला ताजा क्षार रंग खातो. खरा कारागीर यातल्या कशालाच आक्षेप घेत नाही. उलट, कोणीतरी आपले खालचे काम पाहते आहे याचे त्यांना समाधान वाटत होते, हे मी स्वतः पाहिले.

पहिल्या कंत्राटदाराविरुद्ध आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारपूस करता येते. कामाचा सह्या केलेला कागद, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, पोपड्यांचे नमुने आणि ते दोन डबे आम्ही जपून ठेवले आहेत. म्हणून काम संपताच रिकामे डबे “आम्ही नेतो” असे कोणी म्हटले, तर निदान एक पावसाळा सरेपर्यंत ते देऊ नयेत. नव्या कामाची एक दशांश रक्कम आम्ही रंगाऱ्यांच्या संमतीने राखून ठेवली आहे, आणि श्रावण उलटल्यावर पश्चिमेची भिंत दोघांनी मिळून पाहून ती चुकती करायची, असे कागदावर लिहिले आहे.