कड्यावरची खोली बुक केली, किल्ली मिळाली कार्टेराडोसची

आम्ही फसलो, पण हॉटेल खोटं नव्हतं, हे आधीच सांगते. फोटो खरे, खोली खरी, खोलीसमोरचा समुद्रही खरा. रेटिंग दहापैकी नऊच्या वर. 'बनावट वेबसाइटपासून सावध राहा' छापाच्या सल्ल्यांचा इथे काडीचाही उपयोग झाला नसता, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ठिकाण ग्रीसमधलं सँटोरिनी. हजारो वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकात बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. उरलेल्या कड्याच्या काठावर आज फिरा, इमेरोविग्ली, इया ही गावं आहेत. खचलेल्या भागाला म्हणतात काल्डेरा, आणि सगळे पैसे त्या काल्डेराकडे तोंड करून बसण्याचे. इमेरोविग्ली या गावांत सगळ्यात उंच, समुद्रापासून जवळजवळ ३०० मीटर. राखेच्या थरात कोरलेली इथली घरं एकेकाळी गोरगरिबांची आणि खलाशांची होती. आता त्यातल्याच एका खोलीचे आम्ही रात्रीला ३८० युरो भरले होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, 'फक्त जोडप्यांसाठी' अशा एका छोट्या हॉटेलात. पैसे हॉटेलने आठवडाभर आधीच कार्डावरून वळते केले. तशी अटच होती, त्यात वावगं काही नव्हतं.

जून २०२५. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून आलेली फेरी अथिनिओस बंदराला लागते ते अगदी कड्याच्या पायथ्याशी. तिथून नागमोडी रस्त्याने वर यायचं. हॉटेलचा माणूस आमच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. चेहऱ्यावर हसू, बॅगा त्यानेच उचलल्या. फिरा यायच्या आधीच गाडी उजवीकडे वळली. इमेरोविग्ली फिराच्या पुढे आहे, हे नकाशा पाहून पाहून मला पाठ झालं होतं. "शॉर्टकट?" मी विचारलं. तो म्हणाला, "रिसेप्शन इकडे आहे, मॅडम."

गाडी थांबली ती कार्टेराडोसला. गाव वाईट नाही, पण कड्यापासून आत, बेटाच्या दुसऱ्या अंगाला. बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे आणि विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. रिसेप्शनवरचा मॅनेजर अतिशय दुःखी चेहऱ्याने म्हणाला की फेब्रुवारीतल्या भूकंपांनी तुमच्या खोलीच्या छताला तडा गेलाय, इंजिनिअरने कालच ती बंद करायला सांगितली, तुमच्या सुरक्षेसाठी तुम्हाला आमच्या 'सिस्टर हॉटेल'मध्ये आणलंय.

कारण किती बेमालूम निवडलं होतं बघा! २०२५ च्या फेब्रुवारीत सँटोरिनीला खरोखरच भूकंपाचे हजारो धक्के बसले होते, शाळा बंद होत्या, अकरा हजारांहून जास्त माणसं बेट सोडून गेली होती. आम्ही बुकिंग करताना त्याच बातम्या वाचून घाबरलो होतो. मग छताच्या तड्यावरून कोण वाद घालणार?

मग आला फॉर्म. पासपोर्ट नंबर, सही वगैरे. खाली ग्रीकमध्ये बारीक अक्षरांत एक ओळ. नवरा बँकेतून रिटायर झालेला, न वाचता सही करणं त्याच्या रक्तात नाही. त्याने फोनचा कॅमेरा त्या ओळीवर धरला. भाषांतर आलं: पाहुण्याने स्वतःच्या इच्छेने खोली बदलली असून त्याची काही तक्रार नाही. त्याने आधी फोटो काढला, मग ती ओळ पेनने खोडली, शेजारी इंग्रजीत 'आमच्या विनंतीवरून नाही' असं लिहिलं आणि मग सही केली. मॅनेजरचं दुःख तिथेच आटलं.

त्यानंतर मागितले क्लायमेट फीचे पैसे, रोख, रात्रीला १५ युरो. ही फी खरी आहे. ग्रीस सरकार हॉटेलच्या तारांकनाप्रमाणे ती घेतं. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये पंचतारांकित हॉटेलात खोलीमागे रात्रीला १५ युरो, चारला १०, तीनला ५, आणि एक-दोन ताऱ्यांना २. दारावरच्या पाटीवर तारे किती? दोन. आम्ही पाटीकडे बोट दाखवलं, दोनच्या हिशोबाने पैसे दिले आणि पावती मागून घेतली. ही पावती पुढे सोन्यासारखी कामाला आली, कारण त्या रात्री आम्ही नेमके कुठे होतो याचा तोच एकमेव छापील पुरावा ठरला.

दुसऱ्या दिवशी फिराहून कड्याकडेची पायवाट धरून इमेरोविग्लीला चालत गेलो. ही वाट पुढे थेट इयापर्यंत जाते आणि बऱ्याच ठिकाणी हॉटेलांच्या गच्च्यांच्या वरून जाते, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. आमची खोली लगेच ओळखली. फोटोत भिंतीच्या कोनाड्यात काठ फुटलेला मातीचा माठ होता, तो तिथेच होता. निळं दार उघडं. कठड्यावर दोन ओले टॉवेल, टेबलावर अर्धी खाल्लेली कलिंगडाची फोड, आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं एक जोडपं. तडा गेलेल्या छताखाली त्यांचं छान चाललं होतं. मी माणसं येणार नाहीत असा फोटो काढला, माठ आणि टॉवेल मात्र आले.

जवळच्या एका टॅव्हर्नाच्या (छोट्या ग्रीक खानावळीच्या) मागच्या दाराशी भाजी निवडत बसलेला बांगलादेशी मुलगा आमचं बोलणं ऐकून हिंदीत म्हणाला, "दीदी, सीजन में तो ये रोज का है." गणित त्यानेच समजावलं. कड्यावरच्या हॉटेलात खोल्या जेमतेम सहा-आठ. त्याच खोल्या चार साइटवर आणि शिवाय एजंटांकडे विकायच्या. एकाच खोलीवर दोघं आले की ज्याने जास्त पैसे मोजलेत तो वर जातो. ज्याचे पैसे आधीच खिशात आलेत आणि जो लांबून आलाय, तो खाली. बॅगा घेऊन संध्याकाळी तो जाणार कुठे? आम्ही तर शेंगेनच्या व्हिसासाठी मुक्कामाचे कागद आधीच जोडून आलेलो, म्हणजे आणखीच अडकलेले.

परत आल्यावर मॅनेजरला फोटो दाखवला. त्याने डोळ्याची पापणीही न हलवता नवीन ऑफर दिली: ६०० युरो रोख द्या, शेवटच्या रात्री वरची खोली देतो. ग्रीसमध्ये धंदेवाल्याला ५०० युरोंच्या वर रोख घेताच येत नाही, ते कार्डाने किंवा बँकेतूनच घ्यावे लागतात. नवऱ्याने हे शांतपणे सांगितल्यावर ऑफर मागे गेली.

बुकिंग साइटची तऱ्हा वेगळीच. पहिलं उत्तर आलं की हॉटेलच्या म्हणण्यानुसार पाहुण्यांनी बदल मान्य केला आहे. खोडलेल्या ओळीचा फोटो पाठवल्यावर ५० युरोंचं कूपन देऊ केलं. शेवटी भारतातल्या आमच्या कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक टाकला, म्हणजे विकलेली सेवा दिलीच नाही अशी रीतसर तक्रार. फॉर्म, पावती, माठाचा फोटो, आणि त्याच तारखांना कार्टेराडोसच्या खोलीचा दर ८५ युरो असल्याचा स्क्रीनशॉट. दरांतला फरक परत मिळाला. चलन बदलताना बँकेने कापलेले पैसे मात्र नाही.

मला खरी चीड आली ती नंतर. अभिप्राय लिहिला, तो काढून टाकला गेला. का, तर आमचा मुक्काम त्या हॉटेलात झालाच नाही! म्हणजे ज्यांना वरची खोली मिळते तेच लिहिणार, आणि खाली पाठवलेले त्या पानावर कधी दिसणारच नाहीत. ते नऊच्या वरचं रेटिंग असं तयार होतं. त्यामुळे अशा हॉटेलाबद्दल वाचायचं असेल तर त्याच्या 'सिस्टर हॉटेल'चे अभिप्राय वाचा. आमच्या कार्टेराडोसच्या हॉटेलाखाली चार जणांनी नेमकी हीच गोष्ट लिहिली होती. एकाला पाइप फुटल्याचं सांगितलं होतं, दुसऱ्याला वीज गेल्याचं.

घरून निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला साइटच्याच मेसेजमधून विचारा की आमची खोली याच इमारतीत आहे ना, आणि उत्तर लेखी घ्या. गाडी भलतीकडे वळली तर बॅगा उतरवण्याआधी तिथूनच साइटला फोन लावा, कारण किल्ली हातात घेतली की ते 'मान्य केलं' असं धरतात. टूरिस्ट पोलिसांचा नंबर १५७१. आम्ही तो लावलाच नाही, काउंटरवर उभं राहून नुसता एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवला, तेवढ्यावर आम्हाला समोरच्या बिल्डिंगऐवजी निदान बागेकडची खोली मिळाली.