क्लस्टरवर जॉब टाकताना: एका ओळीची कमांड, स्क्रिप्ट की अ‍ॅरे?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे बसून दूरच्या सामायिक क्लस्टरवर (अनेक संगणक जोडून केलेल्या यंत्रणेवर) गणन करणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा लागतो. स्वतःच्या लॅपटॉपवर टर्मिनलमध्ये टाइप करताच चालणाऱ्या कमांड क्लस्टरच्या रांगेत कोणत्या मार्गाने टाकाव्यात, हा तो निर्णय होय. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मोहिमेखाली पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘परम ब्रह्म’सारख्या यंत्रणांवर रांगेचे व्यवस्थापन स्लर्म ही प्रणाली करते, आणि तिच्यात यासाठी अनेक मार्ग आहेत. तुलना नेमकी व्हावी म्हणून एकच उदाहरण घेतो. खानदेशात जळगाव जिल्ह्याचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ असे २५ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या दैनिक पर्जन्यनोंदींवर तोच प्रोग्राम चालवायचा आहे.

‘एसरन’ या कमांडने कंप्युट नोडवर, म्हणजे क्लस्टरमधील गणन करणाऱ्या संगणकावर, थेट शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) उघडण्याचा मार्ग प्रोग्राम तपासण्यापुरता उत्तम आहे, कारण चूक झाली की ती लगेच डोळ्यांसमोर येते. परंतु हे सत्र आपल्या जोडणीवर अवलंबून असते. वीज किंवा इंटरनेट गेले की चालू काम बंद पडण्याची शक्यता असते, आणि ज्या गावांत भारनियमन हा रोजचा अनुभव आहे तेथून तासन्‌तास चालणारे काम या मार्गाने करू नये. रांगेत टाकलेला जॉब, म्हणजे गणनाचे काम, आपला लॅपटॉप बंद असला तरी चालतो.

खरी निवड पुढच्या मार्गांत आहे. जॉब रांगेत टाकणाऱ्या ‘एसबॅच’ या कमांडला ‘रॅप’ हा पर्याय देऊन अवतरणचिन्हांत एक कमांड लिहिली, की स्लर्म तिच्याभोवती लहानशी स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) स्वतः तयार करते आणि जॉब रांगेत लावते. वेगळी फाइल लागत नाही, म्हणून नवशिक्यांना हा मार्ग फार आवडतो. त्यातील अडचण अशी की ती ओळ दोनदा वाचली जाते: प्रथम लॉगिन नोडवरील, म्हणजे क्लस्टरमध्ये शिरताना ज्या संगणकावर आपण येतो त्यावरील, आपले शेल ती वाचते आणि नंतर, कदाचित काही तासांनी, कंप्युट नोडवरील शेल वाचते. दुहेरी अवतरणचिन्हे वापरल्यास डॉलर चिन्हाने सुरू होणारी चले पहिल्याच वाचनात, म्हणजे जॉब अस्तित्वात येण्याआधीच, उलगडली जातात, म्हणजे त्यांच्या जागी त्यांचे मूल्य बसते. एकेरी चिन्हे वापरल्यास ती कंप्युट नोडवर उलगडतात. आउटपुट फाइलकडे वळवणारे बाणचिन्ह चुकून अवतरणाबाहेर राहिले, तर फाइलमध्ये आपले उत्तर न येता जॉब स्वीकारल्याचा एसबॅचचा संदेश येतो. दोन कमांड जोडणारे ‘&&’ बाहेर राहिले, तर दुसरी कमांड लॉगिन नोडवरच चालते, आणि सर्वांच्या सामायिक लॉगिन नोडवर जड गणन चालवणे हा इतरांवर अन्याय आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. तालुक्याचा क्रमांक देणारे चल मी दुहेरी अवतरणात लिहिले होते. लॉगिन नोडवर त्या चलाला काहीच मूल्य नव्हते, त्यामुळे पंचवीसही कामे क्रमांकाविना चालली, सर्वांनी एकाच नावाच्या आउटपुट फाइलवर लिहिले, आणि प्रत्येक कामाची नोंद ‘पूर्ण’ अशीच झाली. फाइल उघडून आकडे पाहिले नसते तर तेच निष्कर्ष पुढे प्रबंधात गेले असते. आणखी एक बारकावा असा की रॅपची कमांड साध्या ‘एसएच’ शेलमध्ये चालते. अनेक यंत्रणांवर एसएच म्हणजे बॅश हे नेहमीचे शेलच असते; डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर मात्र ते डॅश हे वेगळे शेल असते आणि तेथे बॅशची ‘सोर्स’ ही कमांड (दुसऱ्या फाइलमधील कमांड चालवणारी) चालत नाही.

स्क्रिप्टची फाइल लिहिण्यास पाच मिनिटे अधिक लागतात, तरीही माझा कौल तिलाच आहे. तिच्यात कमांड एकदाच, कंप्युट नोडवर वाचली जाते. किती वेळ, किती कोअर, किती मेमरी मागितली हे फाइलमध्येच लिहिलेले राहते, म्हणून सहा महिन्यांनी तोच हिशेब पुन्हा करायचा झाल्यास स्मरणावर विसंबावे लागत नाही. या मागण्या पहिल्या प्रत्यक्ष कमांडच्या वरच असाव्यात, कारण त्यानंतर आलेल्या एसबॅचच्या ओळी स्लर्म विचारात घेत नाही. जॉब टाकतानाच स्क्रिप्टची प्रत घेतली जाते. रांगेत असताना आपण ती बदलली तरी टाकलेला जॉब जुन्याच मजकुरावर चालतो. मात्र ती ज्या पायथन किंवा आर फाइलला हाक मारते, ती फाइल जॉब सुरू झाल्यावर वाचली जाते, तेव्हा रांगेतला जॉब सुरू होईपर्यंत त्या फाइलला हात लावू नये. जॉब यशस्वी झाला की नाही हे स्क्रिप्टमधील शेवटच्या कमांडवरून ठरते. मधली कमांड फसली आणि शेवटी ‘काम संपले’ असे छापणारी ओळ असली, तर स्लर्म यशच नोंदवते. म्हणून बॅशचा ‘सेट’ वापरून पहिल्याच चुकीला थांबण्याची सूचना सुरुवातीस द्यावी.

आपल्या संस्थेत स्लर्मऐवजी पीबीएस ही रांग सांभाळणारी दुसरी प्रणाली असेल तर एसबॅचच्या जागी ‘क्यूसब’ वापरावे लागते, आणि तेथे जॉब होम डिरेक्टरीत सुरू होतो. स्लर्ममध्ये तो आपण जिथून टाकला त्याच डिरेक्टरीत सुरू होतो. एकीकडची स्क्रिप्ट दुसरीकडे नेताना बहुतेकांची पहिली अडचण हीच असते.

पंचवीस तालुक्यांसाठी पंचवीस वेगळ्या स्क्रिप्ट लिहिण्याचे कारण नाही. एकाच स्क्रिप्टला १ ते २५ असा अ‍ॅरे दिला, की प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि तालुक्यांच्या यादीतील त्या क्रमांकाची ओळ उचलता येते. टक्केचिन्हापुढे ५ लिहिले तर एका वेळी पाचच कामे चालतात. सामायिक यंत्रणेवर हा संयम मला आवश्यक वाटतो. अ‍ॅरेचा सर्वांत मोठा लाभ चुकीच्या वेळी कळतो. अक्राणी तालुक्याची नोंदफाइल खराब असल्याने एकच काम फसले, तर कामांच्या नोंदी दाखवणारी ‘सॅक्ट’ कमांड तो क्रमांक दाखवते आणि तेवढेच काम पुन्हा टाकता येते.

तालुक्यांऐवजी गावनिहाय हिशेब करायचा असेल तर मात्र अ‍ॅरे योग्य नाही. स्लर्मच्या मूळ मांडणीत अ‍ॅरेचा क्रमांक १००० च्या पुढे जात नाही, आणि अर्ध्या मिनिटात संपणारी हजारो कामे रांगेत लावल्यास गणनापेक्षा रांग सांभाळण्यातच यंत्रणेचा वेळ जातो. अशा वेळी एका जॉबमध्ये पूर्ण नोड मागून आत ‘ग्नू पॅरलल’ या अनेक कामे एकाच वेळी चालवणाऱ्या प्रोग्रामने कामे वाटावीत. झालेल्या कामांची नोंदवही तो ठेवू शकतो आणि जॉब मध्येच तुटला तर तिच्या आधारे उरलेलीच कामे चालवतो.

कोणताही मार्ग निवडला तरी वेळेची मागणी विचारपूर्वक करावी. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होण्याची वाट पाहिली जात असताना, त्याची ठरलेली सुरुवात लांबणार नाही इतका लहान जॉब स्लर्म मधल्या फटीत बसवू शकते. दोन तासांच्या कामाला सवयीने दोन दिवस मागणारा या फटीला मुकतो. उलट फार कमी वेळ मागितला तर मुदत संपताच जॉब मारला जातो, म्हणून एका तालुक्यावर चाचणी घेऊन लागलेल्या वेळेच्या सुमारे दीडपट मागावे. ही चाचणी म्हणजे ‘रॅप’चा खरा उपयोग आहे: एक तालुका, एक कमांड, एकेरी अवतरणचिन्हे.

पंचवीस निकाल एकत्र करणारा शेवटचा जॉब अ‍ॅरेबरोबरच टाकून ठेवता येतो. त्याला अ‍ॅरे यशस्वी झाल्यावरच सुरू होण्याची अट घालावी. पंचवीसपैकी एकही काम फसले तर एकत्रीकरण सुरू होणार नाही आणि अपुरा तक्ता हाती येणार नाही.