कमरेला मोबाईल बांधून तोल तपासणारा फिजिओ - ४ स्टार

आमच्या आप्पांना लकवा मारला, डावी बाजू गेली, आता काठी घेऊन चालतात. खानापूरला घरी येऊन व्यायाम घेणारा एक फिजिओ हाय, बेळगावातनं येतो, तो अधनंमधनं कमरेला पट्टा बांधून त्यात मोबाईल अडकवून तोल तपासतो. पाव्हण्यारावळ्यांत सगळे विचारतात हे खरंच काय असतंय का नुसतं फॅड, म्हणून लिहितोय.

फॅड नाही. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते ज्याच्यामुळं होतंय तो अ‍ॅक्सेलरोमीटरच माणूस उभा असताना कंबर पुढंमागं, डावीउजवीकडं किती हलली ते सेकंदाला शंभरेक वेळा टिपतो. जायरोस्कोप असला तर किती वळली तेबी कळतंय, खरं स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतोयच, म्हणून फिजिओ स्वतःचा फोन आणतो, दरवेळी तोच, नाहीतर मागचे आकडे जुळवायचे कसे. फ्लाइट मोडपण लावतो, मधेच कॉल आला तर व्हायब्रेशनच मोजून बसायचं.

पाय जुळवून ३० सेकंद उभारायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. उघडे असताना ठीक होतं, मिटल्यावर ग्राफ असा काय वरखाली झाला की आई घाबरलीच. आणि तिलाच पहिल्यांदा लक्षात आलं, तोंडाला साबण लावला की आप्पा मोरीत झोकांड्या का खातात ते! डोळे मिटले की शरीराला तळपायाच्या जाणिवेवर आणि कानाच्या आतल्या भागावरच भागवावं लागतंय, आणि आप्पांना डाव्या तळपायाचं कळतंयच कमी. लगेच मोरीत धरायला दांडी बसवली, आता स्टुलावर बसून तोंड धुतात. माझे पैसे इथंच वसूल.

आता खटकलं ते. आप्पा सगळा भार उजव्या पायावर टाकून खांबागत ताठ उभारतात, हलणं कमी म्हणून आकडा झ्याक येतोय, ॲपवर हिरवं दिसतंय आणि आप्पा म्हणतात, "बघ की, काठी टाकून द्यायची आता." कमरेवरचा फोन हलणं मोजतो, कुठल्या पायावर किती वजन पडलंय ते त्याला कळत नाही, त्याला फोर्स प्लेट, म्हणजे पायाखालचा भार मोजणारी फळी लागते आणि ती काय हा घरी आणत नाही. फिजिओ हुशार, त्यानं दोन साधे वजनकाटे शेजारी ठेवून एकेका काट्यावर एकेक पाय ठेवायला लावला. उजवा काटा बघून आप्पा गप्पच. शिवाय तो बर्ग स्केल म्हणून तोलाची परीक्षापण घेतो, खुर्चीतनं उठणं, मागं वळून बघणं, खाली पडलेलं उचलणं अशी १४ कामं, ५६ पैकी मार्क. हे काय न करता नुसता मोबाईल बांधून रिपोर्ट देणारा कोण भेटला तर मी तरी घेणार नाही.

एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी. घरात मराठी, शेजारात कन्नड, आणि कागद सगळा इंग्लिशमध्ये. तोंडी दोन्ही भाषांत नीट समजावतो, खरं तो गेल्यावर आईनं काय वाचायचं?

बघून घरी स्वतः करणार असाल तर कमजोर बाजूला धरायला माणूस आणि मागं खुर्ची पाहिजेच, पेशंटला एकट्याला उभा करू नका. व्हिजिटची फी असते, टेस्टचं जादा घेत नाही. पावसाळ्यात वेळेवर येईलच असं नाही, आदल्या दिवशी फोन करून ठेवा.