निगेटिव्हवर उमटलेला सात

१२० मापाच्या कॅमेरा-फिल्मचे रोल कोणी खोक्याशिवाय, सुटे विकत असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. असे दोन रोल वापरून मी जे काम केलं, ते आता पुन्हा करता येणार नाही.

मित्राच्या वडिलांचा छापखाना बंद होत होता. काकांचं अख्खं आयुष्य खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेलं. यंत्र भंगारात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटचं पान जुळवलं, तेव्हा त्यांचे हात टिपायला मी गेले होते. ६×६ सेंमीची चौकोनी चित्रं काढणाऱ्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फ्रेम बसतात, म्हणजे दोन रोलांच्या २४. डेव्हलप करून वाळत घातल्या तेव्हा फिल्म अगदी स्वच्छ वाटल्या. दुसऱ्या दिवशी लाइट टेबलवर ठेवून भिंग लावलं आणि काकांच्या मनगटामागच्या भिंतीवर, सपाट राखाडी भागात, मला एक ७ दिसला. पुसट, पण वळणासकट स्पष्ट. पुढच्या फ्रेममध्ये कपाळावरच दोन रोमन अक्षरं होती. २४ पैकी १९ फ्रेमवर काही ना काही उमटलं होतं.

हे कशामुळे होतं ते सांगते. १२० च्या फिल्मला पाठीमागे कागद असतो. वेगवेगळ्या मापांच्या फ्रेमसाठी त्यावर आकड्यांच्या तीन रांगा छापलेल्या असतात आणि कंपनीचं नावही असतं. रोल घट्ट गुंडाळला की कागदाची ही छापील बाजू पुढच्या वेढ्यातल्या फिल्मच्या इमल्शनला, म्हणजे चित्र उमटतं त्या थराला, चिकटून बसते. कागदात किंवा शाईत दोष असला तर छपाईचा ठसा इमल्शनवर उतरतो. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो आणखी वाढतो. गजबजलेल्या चित्रात तो लपून जातो. आकाश, भिंत, चेहरा असं काही सपाट असलं की लगेच उघडा पडतो. ३५ मिमीच्या फिल्मला असा कागदच नसल्याने तिथे हा प्रकार होत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं पहिलं उत्तर, "मॅडम, तुमचं डेव्हलपिंग चुकलंय. टाकी नीट हलवली नसेल." डेव्हलपिंगची टाकी नीट हलवली नाही तर पट्टे येतात, कडा जास्त गडद होतात. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, बुडबुडे चिकटले तर निगेटिव्हवर गोल पारदर्शक ठिपके राहतात. टाकीतल्या रीलवर गुंडाळताना फिल्म फिल्मला चिकटली तर तेवढा भाग दुधाळ राहतो. या सगळ्या चुका माझ्या हातून कधी ना कधी झाल्या आहेत, म्हणून त्या मी ओळखते. डेव्हलपर आकडे लिहीत नाही. हे सांगितल्यावर त्याने सूर बदलला आणि रोल मीच गरम जागी ठेवले असतील म्हणाला. हा आरोप खोडणं अवघड, कारण उष्णतेने ठसा वाढतो हे खरंच आहे.

म्हणून चाचणी केली. माझ्याकडे त्याचेच तीन रोल उरले होते. शिवाय दुसरीकडून घेतलेला, त्याच कंपनीचा, खोक्यातला एक रोल होता, तोही माझ्याच फ्रिजमध्ये त्यांच्याच शेजारी ठेवलेला. एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत, फोकस मुद्दाम बिघडवून, उजेड मोजणारं मीटर सांगेल त्याच एक्स्पोजरने त्याच्या एका रोलवर आणि या खोक्यातल्या रोलवर टिपली आणि दोन्ही रोल एकाच टाकीत, एकाच डेव्हलपरमध्ये काढले. खोक्यातला रोल कोरा, सपाट राखाडी आला. त्याच्या रोलवर आकड्यांच्या रांगा जवळपास सलग वाचता येत होत्या, दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेतसुद्धा त्यांच्या खुणा होत्या. लेन्स किंवा शटरचा दोष असता तर तो फ्रेमच्या आतच राहिला असता.

मग त्या चंदेरी पाकिटांकडे नीट पाहिलं. प्रत्येकावर "तपासलेला माल" अशी पांढरी पट्टी होती. विकत घेताना मला ती काळजीची खूण वाटली होती. कोमट वाफेवर धरून हळूच सोडवली, तर खाली बॅच नंबर आणि मुदतीची तारीख. मुदत अजून संपलेली नव्हती, म्हणजे जे झाकलं होतं ते बॅच नंबरच.

तो नंबर कंपनीला कळवला. उत्तर आलं की ही बॅच सदोष असल्याचं आम्हाला ठाऊक आहे आणि विक्रेत्यांना तिच्याबदली माल दिला गेला आहे. विक्रेत्याला पुन्हा फोन केला तेव्हा त्याने सहज बोलून टाकलं, "हां, त्याचे बदली रोल आलेत ना, हवे तर देतो." म्हणजे चांगला माल त्याला मिळाला होता आणि सदोष रोल खोक्यातून काढून, नंबर झाकून, त्याने आम्हाला विकले. कारखान्यात चूक होऊ शकते, कंपनीने ती मान्य केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. या माणसाने मात्र समजून उमजून फसवलं.

कंपनीने मला पाच नवे रोल पाठवले. फिल्मच्या खोक्यावर बारीक अक्षरात तेवढंच कबूल केलेलं असतं: फिल्मच्या बदल्यात फिल्म. गेलेल्या चित्रांची भरपाई त्यात नाही. पण तेवढं मिळायलाही पुरावा लागतो, म्हणून खोका, पाकीट आणि पाठीचा कागद निगेटिव्हचं प्रिंट निघेपर्यंत टाकू नका. पूर्ण निगेटिव्ह कडांसकट स्कॅन करून पाठवा, कापलेली चौकट नको. आणि महत्त्वाच्या कामाआधी प्रत्येक नव्या बॅचमधला एक रोल भिंतीवर खर्च करा. मी ते केलं नाही.

काल एका ओळखीच्या मुलाने त्याच विक्रेत्याकडून पाच सुटे रोल घेतले. पाकिटांवर तीच पांढरी पट्टी आहे. तिला हात न लावता आधी फोटो काढून ठेव, असं त्याला सांगितलंय, आणि रविवारी आम्ही त्यातला एक रोल भिंतीवर टिपणार आहोत.