इलेक्ट्रोलॅरिंक्स, म्हणजे गळ्याला लावून बोलायचं यंत्र: मामांसाठी घेतलं त्याचा अनुभव, आणि दिव्यांग कार्डाचंही

ज्यांच्या घरात कुणाला स्वरयंत्राचा कॅन्सर झालाय आणि अख्खं स्वरयंत्र काढून टाकावं लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. यंत्र घ्यावं का? नक्की घ्यावं. पण पेशंटच्या स्वतःच्या गळ्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि यंत्राची चौकशी सुरू कराल त्याच आठवड्यात दिव्यांग प्रमाणपत्राचा, म्हणजे कार्डाचा, अर्जही टाका. हे दुसरं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून लांबलचक लिहिणार आहे.

माझे मामा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचे. ठेकेदाराकडे, त्यामुळे पेन्शन वगैरे काही नाही. लग्न केलं नाही, अशोकनगरला खोली घेऊन एकटे राहायचे. बिडीचं बंडल कायम शर्टाच्या खिशात. आवाज बसला तेव्हा आधी थंडीवर गेलं, मग द्राक्षाच्या दिवसांत फवारणीचा वास सोसला नाही म्हणून असेल असं ते स्वतःच सांगत राहिले. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज घोगरा राहिला, त्यातून माणूस बिडी-सिगारेट ओढणारा असला, तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं असतं. लवकर सापडला तर या जागचा कॅन्सर पुष्कळदा नुसत्या रेडिएशननेही बरा होतो आणि आवाज राहतो. मामांचा पुढे गेलेला होता. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, त्याचे पैसे लागले नाहीत. नंतर रेडिएशन. आता ते आमच्याकडे सिडकोत असतात, आई त्यांची धाकटी बहीण.

ऑपरेशननंतर श्वास नाका-तोंडातून जात नाही, गळ्याच्या खालच्या बाजूला कायमचं छिद्र असतं त्यातूनच येतो-जातो. आवाजाची पेटीच नाही, त्यामुळे कुजबूजसुद्धा नीट होत नाही. सुरुवातीला पाटी-पेन्सिल आणली होती. मामा सातवीपर्यंत शिकलेले, लिहायला वेळ लागायचा, समोरचा वाचेपर्यंत चिडायचे आणि पाटी उलटी करून ठेवायचे. जेवायला काय हवं एवढंही विचारणं नकोसं झालं होतं त्यांना.

बोलण्याचे तीन मार्ग डॉक्टरांनी समजावले. एक, हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायला शिकायचं. दुसरा, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधे छोटा व्हॉल्व्ह बसवायचा. यात आवाज सगळ्यात नैसर्गिक येतो, पण व्हॉल्व्ह ठरावीक काळाने बदलावा लागतो आणि बाहेरून येणारे महाग असतात. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी पन्नासेक रुपयांत बनेल असा ‘ऑम’ नावाचा व्हॉल्व्ह तयार केलाय, त्याबद्दल आपल्या सर्जनना जरूर विचारा. तिसरा मार्ग हे यंत्र. मामांनी हेच निवडलं. पुन्हा गळ्यात काही बसवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि तो निर्णय त्यांचाच होता.

यंत्र दिसायला छोट्या टॉर्चसारखं आहे. बटण दाबलं की पुढची चकती थरथरते. ती हनुवटीखाली मऊ जागी टेकवायची, थरथर आतून घशात-तोंडात जाते आणि आपण जीभ-ओठ नेहमीसारखे हलवले की शब्द तयार होतात. आवाज एकसुरी, घूं घूं असा येतो. पहिल्या दिवशी आई रडली. ‘दादाचा आवाज असा नव्हता गं,’ एवढंच म्हणाली. आता तिला त्या आवाजातला त्यांचा वैताग आणि खुशी दोन्ही ओळखू येतात.

खरी अडचण जागा सापडण्याची. रेडिएशननंतर मामांचा गळा एका बाजूने पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता, तिथे चकती टेकवली की नुसती घरघर बाहेर ऐकू यायची, शब्द नाही. डाव्या बाजूला, जबड्याच्या जरा खाली, बोटभर जागा मऊ निघाली. ती सापडेपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की यंत्रच बिघडलेलं आहे. ज्यांचा गळा सगळीकडेच कडक किंवा सुजलेला असेल त्यांनी चकती गालावर लावून बघावी. नाहीतर यंत्राला एक बारीक नळी जोडता येते, तिचं टोक तोंडात धरून बोलायचं. विकत घेताना ही नळी सोबत आहे का ते विचारा. दाढीचे खुंट असले तरी चकती नीट बसत नाही, त्यामुळे मामा आता रोज दाढी करतात.

आमच्या मराठीत काय होतं तेही सांगते, कारण माहितीपत्रकात हे नसतं. यंत्राची थरथर चालूच राहते, त्यामुळे प आणि ब, त आणि द, क आणि ग यांतला फरक पुसट होतो. ‘पाणी’ म्हटलं की ‘बाणी’ ऐकू येतं. ‘ह’ला फुप्फुसातली हवा लागते, ती तोंडात येतच नाही, म्हणून ‘हो’ ऐवजी ‘ओ’. ख, थ, फ यांचंही तसंच. स्पीच थेरपिस्टनी दोन गोष्टी घोटून घेतल्या: वाक्य तोडून बोलायचं आणि दोन तुकड्यांच्या मधे बटण सोडायचं. बटण दाबून ठेवलं तर सगळं एकात एक मिसळतं. घरच्यांनीही शिकायचं असतं. तोंडाकडे बघायचं, टीव्ही बंद करायचा, आणि त्यांचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. मामांना सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

फोनवर यंत्र कमी पडतं. नवीन माणसाला कंपनीचा रेकॉर्ड केलेला कॉल वाटतो आणि तो ठेवून देतो. द्वारका सर्कलसारख्या ठिकाणी रहदारीत काही ऐकू जात नाही. एक हात कायम अडकलेला, त्यामुळे जेवता जेवता गप्पा नाहीत. पण पवननगरच्या भाजी बाजारात मामा एकटे जातात, घासाघीस करतात, पैसे देऊन येतात. माझ्या मुलाला पहिल्यांदा भीती वाटली, आता तो ‘आजोबा, माझं नाव घ्या’ म्हणून मागे लागतो. किंमत पाच आकडी पडली, ती आम्ही घरातून भरली. त्या पैशाचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आता कार्डाचं. मी एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर गेले होते. ‘कॅन्सर दिव्यांगांच्या यादीत येत नाही’ म्हणून तिथून परत पाठवलं. कॅन्सर यादीत नाही हे बरोबरच आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत वाचा व भाषा दोषाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढलेल्या माणसांचा उल्लेख स्पष्ट आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात हा प्रकारच नव्हता, म्हणून जुन्या लोकांना अजून माहीत नसावं. मी कायद्याचं ते पान छापून घेतलं आणि नंतर प्रत्येक ठिकाणी फाइलीत सगळ्यात वर ठेवलं. तुम्हीही ठेवा.

अर्ज सरकारच्या ‘स्वावलंबन’ या वेबसाइटवर करायचा, फी नाही. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि मुख्य म्हणजे ऑपरेशनची डिस्चार्ज समरी, ज्यात ‘टोटल लॅरिंजेक्टॉमी’ (अख्खं स्वरयंत्र काढणं) हे शब्द असले पाहिजेत. प्रकार निवडताना ‘स्पीच अँड लँग्वेज’ निवडा. तपासणीसाठी बोलावतात तेव्हा यंत्र घेऊन जा, पण आधी यंत्राशिवाय बोलायला लावतील हे पेशंटला सांगून ठेवा. मामांना ते जड गेलं. तपासणाऱ्या मॅडमनी त्यांना मधे थांबवून पाणी दिलं, घाई केली नाही, हे लक्षात राहिलंय. तपासून दिव्यांगत्व किती टक्के ते ठरवतात: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं आणि ८० पासून वर निळं कार्ड मिळतं. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात.

उपयोग काय झाला? एसटीत ७५ टक्के सवलत. सिन्नरला चुलत भावाकडे जायला मामा आता कुणाकडे पैसे मागत नाहीत. दुसरं, संजय गांधी निराधार योजना. वय ६५ च्या आत, राज्यात १५ वर्षं राहिलेलं असणं आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत अशा अटी आहेत, अर्ज तहसीलला. दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दरमहा दीड हजारावरून अडीच हजार झाली. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, ते विसरू नका. अडीच हजारांत घर चालत नाही. पण स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने पैसे येतात याचा मामांच्या वागण्यावर झालेला परिणाम मी रोज बघते. आईच्या हातात भाजीचे पैसे ठेवतात.

रेल्वेचं मात्र वेगळं आहे. तिथे या कार्डापेक्षा कॅन्सर पेशंटची सवलत कामाची. उपचाराला किंवा तपासणीला जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं भाडं माफ, सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला ७५ टक्के सूट, सोबतच्या एका माणसालाही मोठी सूट. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला तपासणीला जाणाऱ्यांनी हॉस्पिटलकडून तो फॉर्म भरून घ्यावा.

आमच्या शेजारच्या काकांना बिडीमुळेच सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा कायमचा दमाचा आजार आहे, घरी ऑक्सिजन लावतात. त्यांच्या मुलाला एका एजंटने पैसे घेऊन कार्ड काढून देतो म्हणून सांगितलंय. फुप्फुसाचा आजार त्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे असे पैसे देऊ नका. आमच्या काकांइतकं दमलेल्या माणसाला ही मदत मिळत नाही, हे मला चुकीचं वाटतं आणि यादीत बदल व्हायला हवा असं माझं मत आहे. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून पाय कापावा लागला असेल, तर ते मात्र चलनवलनाच्या अपंगत्वात बसतं.

घरात सांभाळताना तीन गोष्टी. गळ्याच्या छिद्रावर सुती जाळीचं कापड कायम हवं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत ते किंचित ओलं करून बांधलं की कफ घट्ट होत नाही. नाकातून हवाच जात नसल्याने वास येत नाही, म्हणजे गॅस गळला तरी कळणार नाही, हे एकट्या राहणाऱ्या पेशंटच्या बाबतीत फार महत्त्वाचं. आणि खिशात एक चिठ्ठी: ‘मी गळ्यातून श्वास घेतो. ऑक्सिजन गळ्याला लावा.’

बिडी आता ओढताच येत नाही, पण मामांनी हळूच तंबाखू मळायला सुरुवात केली होती. आम्ही ओरडलो नाही. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी मोफत क्विटलाइनवर मी त्यांच्या शेजारी बसून फोन लावला, पलीकडच्या समुपदेशकाने यंत्राचा आवाज शांतपणे ऐकून घेतला. पुडी अजून पूर्ण सुटलेली नाही, कमी झालीय.

घेताना दुकानदाराला हे विचारा: सेल घरी बदलता येतो का, जास्तीचा सेल सोबत मिळतो का, आवाज आणि पट्टी कमी-जास्त करायची सोय आहे का, दुरुस्ती नाशिकमध्ये होते की यंत्र मुंबईला पाठवावं लागतं. पाठवावं लागत असेल तर तेवढे दिवस वापरायला दुसरं देणार का, ते बिलावर लिहून घ्या.