चिंबोरीच्या माद्यांना आठ महिने तिसऱ्या (शिंपल्या) आणि माकूल (स्क्विड) घातलं, त्याचा अनुभव

रेवदंड्याजवळ खाडीला लागून आमचं खाजण आहे. चार वर्षं त्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, वाढवतोय, हिरवी मोठी जात, स्कायला सेराटा. खाद्य म्हणजे कोंबडीची आतडी आणि तिलापिया. आतडी चिकनवाला फुकट देतो, तिलापिया तळ्यातच होतो. वजन छान भरायचं, म्हणून तक्रार नव्हती. गेल्या ऑक्टोबरात मात्र अंड्यांसाठी बारा माद्या वेगळ्या काढल्या आणि सिमेंटच्या दोन टाक्यांत सहा-सहा सोडल्या. एका टाकीत जुनंच खाद्य चालू ठेवलं, दुसरीत फोडलेल्या तिसऱ्या, माकूल आणि मधूनमधून तारली मासळी. नर ठेवला नाही, कारण मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढे त्यावरच अंडी घालते.

खाणं संध्याकाळी अंधार पडल्यावर द्यायचं, चिंबोरी रात्रीच फिरते. अर्ध्या किलोच्या मादीला साधारण चाळीस ग्रॅम. उरलेलं सकाळी काढायचं म्हणजे काढायचंच. तारलीचं तेल पाण्यावर चढतं आणि दोन दिवसांत टाकीला वास मारतो.

फरक पहिल्यांदा दिसला तो लाखेत, म्हणजे मादीच्या पोटात तयार होणाऱ्या अंड्यांच्या गोळ्यात. आपल्याकडे म्हणतात, अंधाऱ्या पाखात चिंबोरी भरलेली, चांदण्यात पोकळ. मी पाख बघत बसलो नाही, दर पंधरवड्याला मादी उचलून बघितली. नांग्या सुतळीने बांधायच्या, मागच्या बाजूला पाठीचं कवच आणि पोटाची झडप जिथे मिळतात तिथे अंगठ्याने हलकं दाबायचं. आतल्या पातळ पडद्यातून लाखेचा रंग दिसतो. डिसेंबरअखेर तिसऱ्यांच्या टाकीतल्या चौघींची लाख गडद नारिंगी झाली होती, पिकलेल्या पपईसारखी. आतड्यांच्या टाकीत एकच तशी, बाकीच्या फिक्या पिवळ्या. आणि वजनाला त्याच जास्त भरत होत्या! अंगावर मांस चढणं आणि लाख भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

कारण नंतर वाचलं. अंड्यांना लागणारी समुद्री माशांतली लांब साखळीची चरबी, ओमेगा-३ वगैरे, चिंबोरीला पुरेशी स्वतः बनवता येत नाही. कोलेस्टेरॉल तर अजिबात नाही. नारिंगी रंगद्रव्यही खाण्यातूनच यावं लागतं. हे सगळं आधी तिच्या यकृतासारख्या ग्रंथीत साठतं आणि मग लाखेत उतरतं. कोंबडीच्या आतड्यात ही समुद्री चरबी जवळजवळ नसते, तिलापियात थोडी. माकूल आणि शिंपल्यांत ती असते, वर कोलेस्टेरॉलही.

एक चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. जानेवारीत पहिल्या मादीने अंडी घातली आणि सकाळी सगळी सिमेंटवर विखुरलेली. मी खाद्यालाच दोष देत बसलो. खरं कारण म्हणजे तळाला वाळूच नव्हती. मादी वाळूत बसून अंडी पोटाखालच्या केसांना चिकटवते. दुसऱ्या दिवशी समुद्राची धुतलेली वाळू पसरली, पुढच्या तिघींची अंडी नीट चिकटली. आतड्यांच्या टाकीतल्या एकीनेही घातली, पण घोस लहान आणि फिका होता.

अंडी पोटाखाली आली की मादी फारसं खात नाही, तेव्हा खाद्य अगदी कमी करा. नाहीतर पाणी बिघडतं आणि अंड्यांवर बुरशी धरते. कच्ची कोळंबी मी मुळीच घातली नाही, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिच्यातून येऊ शकतो.

खर्च जवळपास दुप्पट झाला. तिसऱ्या थळच्या मावशींकडून आठवड्याला पाच किलो घेतल्या, भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, त्याही मिळायच्या नाहीत. फक्त लाखेची चिंबोरी विकायची असेल तरी हा खर्च निघतो असं मला वाटतं, कारण लाखेच्या मादीला भाव वेगळा मिळतो. पण सगळ्या तळ्याला हे खाद्य परवडणार नाही. विक्रीआधीचे दोन महिने निवडक माद्यांना द्यावं, बाकीच्यांना जुनंच चालेल.

पिल्लं काढणं माझ्या आवाक्यातलं नाही. त्यांना खारं, स्वच्छ पाणी आणि सूक्ष्म जिवंत खाद्य लागतं, ते काम तामिळनाडूत शिरकाळीच्या सरकारी हॅचरीसारख्या ठिकाणीच होतं. म्हणून घोस काळा पडला, म्हणजे दहा-बारा दिवसांनी, की त्या तिघींना रात्रीच्या भरतीला कुंडलिका नदीच्या मुखाशी नेऊन सोडलं. तिसरीला सोडताना बॅटरीच्या उजेडात घोसातले डोळ्यांचे ठिपके दिसत होते, एकेका घोसात लाखोंनी. सुतळी कापली तशी ती होडीच्या कडेवरून घसरून पाण्यात गेली.

पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा सगळं बंद. या ऑक्टोबरात दोन्ही टाक्यांतल्या माद्यांना तिसऱ्याच घालणार. मावशींना आत्ताच सांगून ठेवलंय.